स्मरणाचा एक छोटा प्रयोग: अकरावीतल्या भाचीसोबतच्या संशोधनाच्या नोंदी

१० सप्टेंबर २०२३

माझी भाची अमेरिकेत अकरावीत शिकते आणि पुढच्या वर्षी बारावीच्या सुरुवातीला तिला कॉलेजांचे अर्ज भरायचे आहेत. मानसशास्त्र शिकायचे हे तिने केव्हाच ठरवले आहे, पण शाळेत त्या विषयाची प्रयोगशाळा नाही आणि संशोधन म्हणजे प्रत्यक्षात काय करतात हे तिने अजून पाहिलेले नाही. माझे काम आकडेवारीचे असल्यामुळे ताईने ही जबाबदारी माझ्याकडे दिली. मी मानसशास्त्राची पदवीधर नाही, हे आधीच नोंदवून ठेवते.

आज आम्ही तिघींनी बसून उपलब्ध वाटा पाहिल्या. बहुतेक उन्हाळी 'संशोधन कार्यक्रम' काही हजार डॉलर शुल्क घेतात आणि त्यांतील अनेकांत विषय, पद्धत आणि शेवटचा निबंध यांचा साचा आधीच तयार असतो. एमआयटीत होणाऱ्या रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूटसारख्या कार्यक्रमात प्रवेश मिळाला तर प्रवासाखेरीज खर्च येत नाही, पण तिथे निवड फार थोड्यांची होते आणि केवळ त्या एका आशेवर वर्ष काढणे योग्य नाही. तिसरी वाट विद्यापीठातील प्राध्यापकांना पत्र लिहून त्यांच्या गटात मदतनीस म्हणून काम मागण्याची, आणि चौथी स्वतः एक लहान प्रयोग करण्याची. तिसरी आधी चाचपडून पाहायची आणि चौथीची तयारी त्याच वेळी सुरू करायची, असे ठरले.

१ ऑक्टोबर २०२३

तीन आठवड्यांत बावीस पत्रे गेली, तीन उत्तरे आली. पहिली चौदा पत्रे वाया गेली, कारण त्यांत एकच मजकूर होता, फक्त नाव बदललेले. प्राध्यापकाचा एखादा लेख वाचून त्याविषयी नेमका एक प्रश्न विचारणारी पत्रे उरलेल्या आठांत होती आणि तिन्ही उत्तरे त्या आठांनाच आली.

दोन उत्तरे नकाराची होती, पण कारण देऊन. अठरा वर्षांखालील विद्यार्थ्याला सहभागी व्यक्तींची माहिती हाताळू देणे त्यांच्या विद्यापीठाच्या नियमांत बसत नव्हते. रसायनशास्त्र किंवा संगणकशास्त्राच्या तुलनेत मानसशास्त्राच्या गटात शिरणे शाळकरी मुलांना अवघड का जाते, ते इथे कळले: मानसशास्त्रातील कच्चा माल म्हणजे माणसांची खासगी माहिती. तिसऱ्या प्राध्यापिकेने वीस मिनिटे बोलण्याची तयारी दाखवली. त्यांचा सल्ला असा की नवे काही शोधण्याच्या मागे न लागता, गाजलेला एखादा साधा प्रयोग काळजीपूर्वक पुन्हा करून पाहावा. त्यांनी २०१५ च्या त्या मोठ्या प्रकल्पाची आठवण करून दिली, ज्यात मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा केले गेले आणि मूळच्या ९७ टक्के अभ्यासांत लक्षणीय (केवळ योगायोगाने आले असे सहसा म्हणता येणार नाही असे) निष्कर्ष असताना पुनरावृत्तीत केवळ ३६ टक्क्यांत ते मिळाले. पुनरावृत्ती हे दुय्यम काम आहे असे भाचीला तोपर्यंत वाटत होते; त्या वीस मिनिटांनंतर तिने तो शब्द वापरला नाही.

१५ ऑक्टोबर २०२३

विषय बदलला. तिच्या मनात मोबाइलचा वापर आणि नैराश्य यांवर वर्गमित्रांची पाहणी करायची होती. ती आम्ही सोडली, आणि कारणे सविस्तर लिहिते, कारण बहुतेक मुलांचा पहिला विषय हाच असतो. नैराश्याच्या प्रश्नावलीत एखाद्या मुलाने स्वतःला इजा करण्याचा विचार येतो असे लिहिले, तर ते उत्तर वाचणारी सतरा वर्षांची मुलगी काय करणार? प्रश्नावली निनावी असेल तर मदत कोणाला करायची हेच कळत नाही, आणि निनावी नसेल तर मित्राचे गुपित तिच्या हाती येते. शिवाय पाहणीतून दोन गोष्टी एकत्र वाढतात एवढेच दिसते. कशामुळे काय होते ते दिसत नाही.

तिच्या पाठ्यपुस्तकात रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगाचा उल्लेख आहे. त्यांनी १२० पदवी विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. एका पद्धतीत उतारा दोनदा वाचायचा, दुसरीत एकदा वाचून मग न बघता आठवेल ते लिहायचे. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणे सरस ठरले, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर चित्र उलटले: दोनदा वाचलेल्यातले ४२ टक्के आठवले आणि स्वतःची परीक्षा घेतलेल्यातले ५६ टक्के. साधने म्हणजे कागद, पेन आणि घड्याळ. धोका जवळपास शून्य. प्रश्न असा की हा परिणाम शाळकरी मुलांत, शाळेच्या खोलीत, एका आठवड्याच्या अंतराने दिसतो का.

२९ ऑक्टोबर २०२३

आजची नोंद लिहिताना वाईट वाटते, पण हीच सर्वांत उपयोगाची आहे.

भाचीने उत्साहाच्या भरात मागच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत एकोणीस मित्रमैत्रिणींवर प्रयोगाचा पहिला भाग करून टाकला. संमती तोंडी घेतली होती. मी तिला आराखडा लिहून दिला आणि परवानगीचे नंतर बघू असे म्हटले होते, त्यामुळे चूक जास्त माझी आहे. प्रकल्प विज्ञान मेळाव्यात मांडायचा होता, म्हणून शनिवारी आम्ही इंटरनॅशनल सायन्स अँड इंजिनिअरिंग फेअर, म्हणजे आयसेफ ही शाळकरी मुलांची विज्ञान स्पर्धा, आणि तिच्याशी संलग्न स्थानिक मेळाव्यांचे नियम वाचायला घेतले. माणसांवर केलेल्या कोणत्याही प्रयोगाला, साध्या प्रश्नावलीलासुद्धा, माहिती गोळा करण्यापूर्वी आयआरबी या, सहभागींना धोका नाही ना हे तपासणाऱ्या परीक्षण समितीची लेखी मंजुरी लागते. मंजुरी मागाहून घेता येत नाही. विद्यार्थ्यांचे लेख छापणारी नियतकालिकेही हीच अट घालतात.

एकोणीस जणांचे कागद आज फाडून टाकले. त्या एकोणीस जणांना मूळ प्रयोगातही घेता येणार नाही, कारण त्यांना आता माहीत आहे की आठवड्यानंतर पुन्हा विचारले जाणार. तिच्या ओळखीच्या मुलांपैकी सर्वांत सहज तयार होणारी हीच होती. भाची रडली. नंतर तिने प्रत्येकाला जाऊन सांगितले की तुमचे कागद वापरले जाणार नाहीत आणि का नाहीत.

हे वाचणाऱ्यांनी एवढे करावे: आयसेफच्या संकेतस्थळावर 'रूल्स विझार्ड' नावाची प्रश्नमालिका आहे. प्रकल्पाविषयी काही प्रश्नांची उत्तरे दिली की कोणते फॉर्म लागतात ते ती सांगते. आम्ही ती सप्टेंबरात उघडली असती तर महिना वाचला असता.

१२ नोव्हेंबर २०२३

शाळेत आयआरबी नव्हती, ती तयार करावी लागली. किमान तीन व्यक्ती हव्यात: एक शिक्षक, एक शाळा प्रशासक (मुख्याध्यापक किंवा त्यांचे सहायक), आणि एक अशी व्यक्ती जिला सहभागींवरील शारीरिक किंवा मानसिक धोक्याचा अंदाज घेण्याचे शिक्षण आहे, उदाहरणार्थ परिचारिका किंवा शाळेतील मानसशास्त्रज्ञ. मानसशास्त्राच्या शिक्षिकेने आनंदाने होकार दिला आणि आम्ही त्यांचे नाव समितीत घातले. हीच दुसरी चूक. त्या प्रकल्पाच्या 'प्रौढ मार्गदर्शक' म्हणून फॉर्मवर आधीच सही करून बसल्या होत्या, आणि मार्गदर्शकाला किंवा पालकाला त्याच प्रकल्पाच्या समितीत बसता येत नाही. जीवशास्त्राच्या शिक्षकांना विनंती करून ती जागा भरली. दहा दिवस गेले.

५ डिसेंबर २०२३

मंजुरी मिळाली, पण दोन फेऱ्यांनंतर. पहिल्या फेरीत समितीने विचारलेले प्रश्न मला फार चांगले वाटले. सहभागी मध्येच उठून गेला तर त्याला काय सांगणार? नकार देणाऱ्याची नावे शिक्षकांना कळतील का? ज्याला फारसे आठवले नाही त्याला लाज वाटू नये म्हणून काय करणार? आमच्या आराखड्यात यांपैकी एकाचेही उत्तर नव्हते.

संमतिपत्र पूर्ण नव्याने लिहिले. मूळ मसुदा मी लिहिला होता आणि तो कायद्याच्या कागदासारखा झाला होता. भाचीने तो आपल्या भाषेत आणला: काय करायचे, किती वेळ लागेल, केव्हाही थांबता येते, गुणांशी किंवा वर्गाशी याचा संबंध नाही. अठराखालील प्रत्येकासाठी दोन सह्या ठरल्या, पालकांची परवानगी आणि मुलाची स्वतःची संमती. पालकांनी हो म्हटले तरी मुलगा नाही म्हणू शकतो, हे तिने पत्रात ठळक केले.

१७ डिसेंबर २०२३

सहा जणांवर पूर्वचाचणी केली (ती मंजूर आराखड्यात होती). दोन उतारे आम्हीच लिहिले होते, प्रत्येकी सुमारे २६० शब्दांचे, प्रत्येकाचे ३० विचारघटक (वेगवेगळे मोजता येणारे लहान मुद्दे) पाडलेले. ज्वालामुखीचा उतारा ठीक चालला. प्रकाशसंश्लेषणाचा मात्र निरुपयोगी ठरला, कारण मुले उताऱ्यातले आठवून लिहीत नव्हती, जीवशास्त्राच्या तासाला शिकलेले लिहीत होती. उताऱ्यात नसलेली वाक्येही कागदावर आली, तेव्हा ते लक्षात आले.

हिमनद्यांवर नवा उतारा लिहिला. साहित्य बदलले की समितीकडे पुन्हा जावे लागते, आणि मध्ये हिवाळ्याची सुट्टी. तीन आठवडे गेले.

६ जानेवारी २०२४

सुधारित मंजुरी हाती आली आणि आज ओपन सायन्स फ्रेमवर्क या संशोधकांच्या संकेतस्थळावर पूर्वनोंदणी केली. याला पैसे पडत नाहीत, आमचे चार तास गेले. काय मोजणार, कोणाला वगळणार, कोणती चाचणी लावणार हे सगळे माहिती येण्याआधी तारखेसह नोंदवले जाते आणि नंतर गुपचूप बदलता येत नाही.

किती जण हवेत हे जी-पॉवर या मोफत साधनाने काढले. प्रत्येक मूल दोन्ही पद्धती अनुभवणार असल्याने तुलना त्याची त्याच्याशीच होते. मध्यम आकाराचा परिणाम (०.५), ८० टक्के शक्ती (परिणाम खरा असेल तर तो सापडण्याची शक्यता), ५ टक्के पातळी (परिणाम नसताना तो आहे असे म्हणण्याची मान्य जोखीम) असे धरले की ३४ जण पुरतात. दोन वेगळे गट केले असते तर १२८ लागले असते. शाळकरी प्रकल्पासाठी हा फरक निर्णायक आहे आणि तो पहिल्याच दिवशी समजून घ्यावा.

क्रमाचा परिणाम येऊ नये म्हणून चार प्रकारचे संच केले: कोणता उतारा कोणत्या पद्धतीने, आणि कोणती पद्धत आधी.

१६ जानेवारी २०२४

पंचेचाळीस जणांची दोन्ही सह्यांची पत्रे आली होती. ९ तारखेला एक्केचाळीस हजर राहिले आणि आज दुसऱ्या भागाला पस्तीस. सहा जण आले नाहीत. काहींना सराव होता, एक आजारी होता. दोन भेटींच्या प्रयोगात गळती होतेच हे वाचले होते, पण आम्ही तिचा अंदाज कमी धरला. किमान पन्नास पत्रे हवी होती.

याहून मोठा घोटाळा सांकेतिक क्रमांकांचा झाला. नावे कागदावर नकोत म्हणून प्रत्येकाने स्वतःच एक खूण तयार करायची होती: आईच्या नावाचे पहिले अक्षर, जन्मतारीख, वगैरे. चार जणांनी आज वेगळीच खूण लिहिली आणि त्यांचे दोन आठवड्यांचे कागद जुळेनात. उरले एकतीस. याला उपाय सोपा होता. क्रमांक आम्ही छापून द्यायचे, नाव-क्रमांकाची यादी शिक्षिकेच्या कुलपात ठेवायची आणि जुळणी झाली की नष्ट करायची. समितीने ही सूचना डिसेंबरात केली होती आणि आम्हीच 'पूर्ण निनावी'चा आग्रह धरला होता.

चौतीस गाठण्यासाठी आणखी मुले घ्यावीत का? पूर्वनोंदणीत माहिती गोळा करण्याची शेवटची तारीख १९ जानेवारी लिहिली होती. आठवड्याच्या अंतराचा प्रयोग त्यात बसत नाही. एकतीसवर थांबलो.

३ फेब्रुवारी २०२४

गुणदान. प्रत्येक मुलाने आठवड्यानंतर लिहिलेले दोन कागद, म्हणजे बासष्ट कागद, प्रत्येकी तीस विचारघटक. भाचीने पहिले बारा तपासले आणि मग थांबली, कारण कोणता कागद कोणत्या पद्धतीचा हे तिला दिसत होते आणि काठावरच्या उत्तरांना आपण एका बाजूला झुकते माप देतो आहोत असे तिला जाणवले. हे तिने स्वतः ओळखले, मी सांगितले नव्हते. मी सगळ्या कागदांवरची पद्धतीची खूण झाकून त्यांचा क्रम बदलला आणि तिने पुन्हा एकपासून सुरुवात केली.

दुसरे परीक्षण तिच्या मैत्रिणीने केले (तीही त्या एकोणीस जणांपैकी होती). पहिल्या दहा कागदांवर दोघींचे गुण फारच वेगळे आले. 'हिमनदी सरकते' एवढे लिहिले तर 'हिमनदी स्वतःच्या वजनाने सरकते' या घटकाचा गुण द्यायचा का, हे आम्ही कुठेच लिहिले नव्हते. गुणदानाची सूची एक पानाची होती, ती चार पानांची झाली. त्यानंतर मतभेद मोजके राहिले आणि ते चर्चेने मिटले. दोघींचे मिळून सव्वीस तास लागले; मी आठ धरले होते.

११ फेब्रुवारी २०२४

निष्कर्ष. तीसपैकी दोनदा वाचलेल्या उताऱ्यातले सरासरी १०.९ घटक आठवले, स्वतःची परीक्षा घेतलेल्यातले १२.२. फरक १.३ चा, अपेक्षित दिशेने. पण ९५ टक्के विश्वासांतर (खरा फरक ज्या मर्यादांत असू शकतो तो पट्टा) उणे ०.४ ते ३.० असे, म्हणजे शून्य त्यात येते. पी-मूल्य (खरा फरक नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.१३; लक्षणीय म्हणायला ते ०.०५ च्या खाली हवे होते. आम्हाला लक्षणीय फरक सापडला नाही.

रात्री भाचीचा फोन आला. तिने कागद चाळताना पाहिले होते की तीन मुलांनी पहिल्या दिवशी आठवून लिहिण्याच्या वेळात जवळजवळ काहीच लिहिले नव्हते. "मावशी, त्या तिघांना काढलं तर ०.०४ येतंय. त्यांनी परीक्षा घेतलीच नाही, मग त्यांना मोजायचं कशाला?" प्रश्न प्रामाणिक होता आणि तिचा तर्क पटण्यासारखाही होता. मी तिला पूर्वनोंदणी उघडायला सांगितली. वगळण्याच्या निकषांत असे काही नव्हते. निकाल पाहिल्यानंतर सुचलेला निकष किती का सयुक्तिक असेना, त्याने मिळालेला ०.०४ हा आधी ठरवून मिळालेल्या ०.०४ सारखा नसतो. बराच वेळ बोलल्यावर तिने ठरवले: मुख्य निष्कर्ष एकतीस जणांचा, आणि तिघांची गोष्ट 'शोधक विश्लेषण' या वेगळ्या मथळ्याखाली, ते नंतर सुचले असे स्पष्ट लिहून.

आणि त्यातूनच तिला चर्चेचा खरा मुद्दा मिळाला. आमच्या मुलांनी पहिल्या दिवशी सरासरी निम्म्याहून कमी घटक आठवून लिहिले होते, मूळ प्रयोगातल्या विद्यार्थ्यांपेक्षा बरेच कमी. जे आठवलेच नाही ते आठवण्याचा सराव होत नाही, आणि चूक सुधारून दिली नाही तर त्या भागाचा फायदाही मिळत नाही. आमची सत्रे शाळा सुटल्यानंतर, दमलेल्या मुलांसोबत होती. पुढच्या वेळी पहिल्या आठवणीनंतर मूळ उतारा एक मिनिट दाखवून पाहावा, असे तिने लिहिले आहे.

२ मार्च २०२४

मेळाव्याच्या तयारीत माझी आणखी एक चूक उघडी पडली. आकडेमोड मी माझ्या संगणकावर केली होती आणि भाचीला तक्ते दिले होते. सरावात शिक्षिकेने विचारले, विश्वासांतर म्हणजे काय? तिला सांगता आले नाही. आठवडाभर तिने जॅस्प या मोफत प्रणालीत सगळे पहिल्यापासून स्वतः केले, आणि कागदावर पाच जणांचे उदाहरण घेऊन हातानेही. तेच आकडे आले, पण आता ते तिचे होते. मदत करणाऱ्या पालकांना कळकळीने सांगते: काम लवकर व्हावे म्हणून जे आपण करून टाकतो, नेमके तेच मुलाच्या हातून निसटते.

१६ मार्च २०२४

'वर्तन व सामाजिक विज्ञाने' विभागात तिने प्रकल्प मांडला. पुढच्या फेरीसाठी निवड झाली नाही. एक परीक्षक मात्र पंचवीस मिनिटे थांबले आणि सगळा वेळ फाडलेल्या एकोणीस कागदांविषयी आणि त्या तिघांविषयी विचारत राहिले.

९ जून २०२४

लेख 'जर्नल ऑफ इमर्जिंग इन्व्हेस्टिगेटर्स'कडे पाठवला. २०११ मध्ये हार्वर्डच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी सुरू केलेले हे नियतकालिक शाळकरी मुलांचेच संशोधन छापते आणि परीक्षण प्रत्यक्ष संशोधक करतात. काही ठिकाणे पैसे घेऊन आठवडाभरात छापून देतात, तशी दोन पत्रे तिला आली होती. तिकडे वळलो नाही. इथे परीक्षणाला महिने लागतात, त्यामुळे अर्जाच्या आधी छापून येईल या आशेने लेख पाठवू नये.

१८ ऑगस्ट २०२४

कॉमन ॲपवर, म्हणजे अनेक कॉलेजांना एकत्र अर्ज करण्याच्या संकेतस्थळावर, प्रत्येक उपक्रमाच्या वर्णनाला १५० अक्षरे मिळतात, रिकाम्या जागा धरून. वर्षभराचे काम त्यात बसवायला चार संध्याकाळी लागल्या. पहिल्या मसुद्यात 'स्मरणशक्तीवर महत्त्वपूर्ण संशोधन' असे शब्द होते. शेवटच्या मसुद्यात इतकेच आहे: २००६ च्या प्रयोगाची पुनरावृत्ती, ३१ सहभागी, पूर्वनोंदणी, फरक लक्षणीय नाही, लेख परीक्षणाधीन. 'परीक्षणाधीन' ऐवजी 'प्रकाशन' लिहावे असे ताईला वाटत होते. भाचीने नकार दिला.

सविस्तर गोष्ट तिने एका पूरक निबंधात लिहिली, आणि विषय निवडला तो २९ ऑक्टोबरचा. शिफारसपत्र मानसशास्त्राच्या शिक्षिका देणार आहेत, ज्यांनी तिला कागद फाडताना पाहिले होते.

१ नोव्हेंबर २०२४

मुदत आजची होती, अर्ज काल रात्री गेला. हिशेब असा: छपाई, फलक आणि मेळाव्याचे शुल्क मिळून शंभर डॉलरच्या आत, भाचीचे सुमारे दोनशे तास, माझे साठ. त्यांतले किमान सत्तर तास चुका निस्तरण्यात गेले, आणि त्यांतला बहुतांश परवानगी आणि सांकेतिक क्रमांक या दोनच कारणांनी.

नियतकालिकाकडून परीक्षकांचे शेरे गेल्या आठवड्यात आले. एकाने पहिल्या दिवशीच्या आठवणीचे आकडे प्रत्येक सहभागीनुसार मागितले आहेत. ते आम्ही कधी मोजलेच नव्हते, फक्त ढोबळ सरासरी काढली होती. एकतीस कागद पुन्हा झाकून ठेवले आहेत. रविवारी सकाळी ती आणि तिची मैत्रीण चार पानांची सूची घेऊन बसणार आहेत.